येताना प्लेट आण

बोरोनिया
रविवार, ८ सप्टेंबर

रसेल,

पाकीट उघडल्या उघडल्या आधी खालची सही बघितली असशील. हो, मीच. अजून मेले नाहीये. आणि माफी मागायलाही लिहीत नाहीये, तेव्हा तसलं काही शोधत बसू नकोस.

घर विकतेय. तुझ्या खोलीत तुझी तीन खोकी पडली आहेत. त्यांचं काय करायचं ते कळव. २६ ऑक्टोबरला शनिवारी लिलाव आहे, त्याच्या आत. बस, एवढंच काम होतं.

आता कागद उरलाच आहे तर सोबतचं कात्रण वाच. ही आपल्या घराची जाहिरात. डॅमियन नावाच्या दलालाने लिहिली आहे. पंचेचाळिशीचा घोडा, पायात मोजे नाहीत, आणि दात इतके पांढरे की त्याच्याशी बोलताना मी दातांशीच बोलते. ‘पन्नास वर्षं एकाच कुटुंबाने जिवापाड जपलेलं घर. शाळा, स्टेशन, दुकानं, पोहण्याचा तलाव, क्लब, सगळं हाकेच्या अंतरावर.’ मी म्हटलं, “अरे, जिवापाड कुणी जपलं? न्हाणीघराच्या फरश्या माझ्या नवऱ्याने चौऱ्याऐंशी साली उचकटल्या, त्या तो मरेपर्यंत बसवल्या नाहीत.” तर मला म्हणतो, “व्हॅल, लोक घर विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात.” डोंबल! गोष्टच हवी असती त्यांना तर फुकट सांगितली असती.

हाकेच्या अंतरावर म्हणे. शाळा आहे, खरं आहे; रोज तीन वाजता आयांच्या रणगाड्यांएवढ्या गाड्या आपल्या फाटकासमोर उभ्या असतात आणि एकीलाही मागे घेता येत नाही. दुकानं आहेत, तू जिथे दुधाची बाटली आणायला जायचास तिथे आता नखं रंगवून मिळतात. क्लब आहे. तिथे आम्ही बारा जणी पांढऱ्या टोप्या घालून गवतावर चेंडू ढकलतो आणि त्या दिवशी न आलेल्या तेरावीबद्दल बोलतो.

आणि स्टेशन सात मिनिटांवर. डॅमियनच्या पायांनी. माझ्या कमरेच्या हाडाला वीस लागतात. डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा फोटो काढून सांगितलं, आता पायऱ्या चढायच्या नाहीत, म्हणून तर हे सगळं. जानेवारीत मी टेकडीखालच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत जाणार. एक खोली, एक कपाट, आणि गुरुवारी सामुदायिक व्यायाम. कपाळ माझं.

तर स्टेशन असून मी जाणार कुठे? शहरात जायचं, तिथे गाडी बदलायची, की दोन तासांत तुमचं जिलाँग. वेळापत्रक मला पाठ आहे असं समजू नकोस. एकदा सहज बघितलं होतं.

पत्ता तुझ्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वहीत होता. तुम्ही तिघांनी, मुलीसकट, सही केली होती आणि घरी न येता परत गेलात. त्यालाही सहा वर्षं झाली. पत्ता बदलला असेल तर हे पत्र वाचणाऱ्याने फाडून टाकावं.

खोक्यांचं कळव.

आई


रविवार, २९ सप्टेंबर

रसेल,

उत्तर नाही. पोस्टमन अजून मोटरसायकल आपल्याच फाटकाशी थांबवतो, पण दलालाची पत्रकं देतो नि जातो. ठीक आहे. मी काही तुझ्या उत्तरावाचून अडलेली नाही.

काल घर बघायला लोक आले होते. अर्धा तास दार सताड उघडं ठेवायचं आणि मालकिणीने बाहेर जायचं, असा नियम. मी कशाला जाते! मी मागच्या अंगणात कपड्यांच्या दांडीखाली खुर्ची टाकून बसले. चाळीस माणसं आली. त्यातली दहा आपल्याच रस्त्यावरची. त्यांना घर नको होतं, माझी कपाटं बघायची होती. शर्ली टॉझर तर समोरच राहते, पन्नास वर्षं माझ्या स्वयंपाकघरात चहा प्यायली आहे, तरी ही बया रांगेत उभी राहून आत गेली आणि बाहेर येऊन म्हणते, “व्हॅल, तुझी झोपायची खोली मला मोठी वाटली होती गं.”

एकाने आपलं लिंबाचं झाड बघून बायकोला सांगितलं, “इथे गाडी उभी राहील.” मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, “तीस वर्षं माझ्या नवऱ्याने रोज संध्याकाळी त्या झाडाच्या बुंध्याशी उभं राहून लघवी केली आहे, गाडीला चांगला रंग येईल.” ती बाई लगेच फाटकाबाहेर. डॅमियन माझ्याकडे धावला, तेवढ्यात त्याच्या डोक्यावर मॅगपायने झडप घातली. सप्टेंबर चालू आहे, त्यांच्या घरट्यांत पिल्लं आहेत, हे ह्या गावात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पक्ष्याने बरोबर माणूस निवडला.

त्याआधी गुरुवारी एक बाई ‘घर सजवायला’ आली होती. म्हणजे माझं सगळं सामान काढून स्वतःचं भाड्याचं आणायला. माझ्या पलंगावर तिने अकरा उशा ठेवल्या. झोपायच्या आधी रोज अकरा उशा जमिनीवर ठेवते आणि सकाळी परत पलंगावर. व्हरांड्यातलं नेच्याचं झाड ‘जुनाट दिसतं’ म्हणून तिने कुंडीसकट कुंपणाबाहेरच्या गवताच्या पट्टीवर नेऊन ठेवलं. ह्या आठवड्यात कौन्सिल मोठा कचरा उचलतंय, सगळ्या रस्त्याने आपापल्या गाद्या आणि मोडके टीव्ही बाहेर काढलेत, त्यात तेही. माझ्या लक्षात आलं तेव्हा कुंडी तिथेच होती. खालची प्लेट नव्हती.

कुठली प्लेट हे तुला बरोबर माहीत आहे. तुझ्या बायकोची. निळ्या माशांची.

हो, कुंडीखाली ठेवली होती. चौदा वर्षं. पाणी झिरपू नये म्हणून. तुम्ही ती टेबलावर टाकून निघून गेलात, मग मी काय ती भिंतीवर टांगायची होती?

विषय निघालाच आहे तर एकदा माझ्या बाजूनेही ऐक. तू आजवर कधी ऐकलं नाहीस. नाताळचं जेवण होतं, एकोणीस माणसं येणार होती. सगळ्यांना सांगतात तसं मी तिलाही फोनवर सांगितलं, येताना एक प्लेट आण. ह्यात काय अवघड होतं? इथे कुणालाही ‘प्लेट आण’ म्हटलं की तो प्लेटभर काहीतरी करून आणतो. सँडविच आणेल, अंडी आणेल, गेलाबाजार विकतची बिस्किटं आणेल. कुणी विचारत बसत नाही. आणि ही आली, पिवळा झगा घालून, केस नीट विंचरून, हातात फडक्यात गुंडाळलेली एक प्लेट. एकोणीस जणांसमोर फडकं सोडलं. धुतलेली, पुसलेली, रिकामी प्लेट! तिला वाटलं, आपल्याकडे ताटं कमी पडतायत.

हसणार नाही तर काय करणार माणूस? मी म्हटलं, “अगं, आम्ही गरीब आहोत, पण इतके नाही.” सगळे हसले. तुझे वडीलही हसले. मग मी ताटातली एक कोळंबी उचलून तिच्या प्लेटमध्ये ठेवली आणि म्हटलं, “घे, झाली भरलेली.” विनोद होता तो. ती जर हसली असती तर तिथल्या तिथे संपलं असतं. ती कोळंबीकडे बघत बसली आणि तू खुर्ची मागे ढकललीस.

पुढे मी ते क्लबात सांगितलं, हे खरं. खाटकाकडे सांगितलं. तलावावरच्या तिकीटवाल्या बाईला सांगितलं. लोक मला हाक मारून सांगायला लावायचे. पण गोष्ट हसण्यासारखी होती, त्याला मी काय करू? तू म्हणालास, माफी माग. मी म्हटलं, विनोद कळत नसेल तर माझा इलाज नाही. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

खोकी अजून आहेत.

आई


रविवार, १३ ऑक्टोबर

रसेल,

प्लेट सापडली. कुठे ते ऐक.

काल रस्त्यावरच्या लोकांनी मला निरोप दिला. मी नको म्हणत होते. ह्या लोकांना एकमेकांचं तोंड बघवत नाही, पण कुणी जायला निघालं की ह्यांना उमाळे येतात. मैदानाशेजारच्या सभागृहात, दुपारी तीनला. फलकावर लिहिलं होतं, ‘व्हॅलला निरोप. येताना प्लेट आणा.’ शर्लीच्या अक्षरात.

टेबल भरलं होतं. तीच अंडी, तेच काकडीचे सँडविच, बेव्ह गार्लिकचा तोच स्पंज केक, जो मधोमध बसलेला असतो आणि ती दर वेळी म्हणते की भट्टीचा दोष आहे. आणि मग शर्ली आली, दोन्ही हात वर करून, नारळ लावलेल्या चौकोनी लॅमिंग्टन केकांचा डोंगर घेऊन. टेबलावर प्लेट ठेवली. दोन-तीन लॅमिंग्टन घरंगळले आणि खालून निळ्या माशाची शेपटी दिसली.

मी विचारलं, “शर्ली, ही कुठली?”

“अगं, तुमच्याच कचऱ्यातली! इतकी चांगली प्लेट टाकतं का कुणी? डाग घासायला मला दोन दिवस लागले.” मग थोडी थांबली, प्लेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हिच्या डोक्यात प्रकाश पडला. टाळीच वाजवली हिने. “थांबा, थांबा! ही तीच का गं? रिकाम्या प्लेटवाली? अरे, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा कुणीतरी! व्हॅल, तूच सांग, तुझ्यासारखं कुणी सांगत नाही.”

सभागृहात नवीन माणसंही होती. आपल्या डावीकडच्या घरात आलेली ती चायनीज बाई आणि तिची म्हातारी आई. दोघी दाराशी उभ्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी आल्या असतील, पण पदार्थ आणला होता, मोठ्या डब्यात गरम गरम मोमोसारखं काहीतरी. त्यांना कुणीतरी आधी नीट समजावून सांगितलं असणार. कुणीतरी भलं माणूस भेटलं त्यांना.

शर्लीनेच सुरुवात केली. माझेच शब्द, माझाच आवाज काढून. “‘आम्ही गरीब आहोत, पण इतके नाही!’” सगळे खो खो हसले. बेव्हने तर कोळंबीऐवजी एक अंडं उचललं आणि अभिनय करून दाखवला. मी गेली चौदा वर्षं हे सांगत आले, पण समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. ती चायनीज म्हातारी हसत नव्हती. तिला भाषा कळत नसणार, पण ती माझ्याकडेच बघत होती.

मला काय झालं कोण जाणे. मी उठले, काठी शर्लीच्या हातात दिली, प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि सगळे लॅमिंग्टन टेबलावर उलटे केले. नारळाचा चुरा बेव्हच्या केकवर, अंड्यांवर, सगळीकडे. शर्ली म्हणाली, “व्हॅल, वेड लागलं का तुला?” मी म्हटलं, “माझी प्लेट आहे.” ती म्हणाली, “तुझी कशी? तू टाकलीस.” मी म्हटलं, “माझीही नाही. माझ्या सुनेची आहे.”

हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. मी प्लेट काखेत मारून निघाले, काठी तिथेच राहिली, आणि कुंपणं धरत धरत घरी आले. हाकेच्या अंतरावरचं सभागृह, पाऊण तास लागला.

प्लेट धुऊन ओट्यावर ठेवली आहे. एका कडेला कुंडीचं वर्तुळ अजून आहे, ते काही जात नाही.

आई


सोमवार, १४ ऑक्टोबर

रसेल,

कालचं पत्र टाकलं आणि लगेच दुसरं लिहिते आहे. उशा जमिनीवर आहेत, आज उचललेल्या नाहीत. डॅमियन बोंबलू दे.

मी तुला माझी बाजू सांगितली त्यात एक गोष्ट सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही. तुझ्या वडिलांनाही नाही.

मी फोनवर तिला म्हटलं, येताना एक प्लेट आण. मग तिने विचारलं, “किती मोठी प्लेट, मिसेस प्राउझ?”

त्याच क्षणी मला कळलं की हिला कळलेलं नाही. लख्ख कळलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. ‘अगं, काहीतरी खायचं करून आण, तुमच्याकडचं काहीही.’ जिभेवर होतं. ते मी गिळलं आणि म्हटलं, “नेहमीची. जेवायची असते तेवढी.” ती म्हणाली, “बरं, थँक यू, मिसेस प्राउझ.” मनापासून म्हणाली. मी फोन ठेवला आणि अख्खा आठवडा वाट बघितली.

तर ती चूक तिची नव्हतीच. मी तिला रिकामी प्लेट घेऊन बोलावलं. एकोणीस माणसांसमोर.

का, म्हणून विचारशील. मी स्वतःला शंभर कारणं दिली. ती तिमोरहून आली, म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी धुते, तुला कुणीतरी बरी मिळाली असती. ओलिंडा हे डोंगरावरच्या गावाचं नाव आहे, तिथे माणसं चहाबरोबर स्कोन खायला जातात, ते काय बाईचं नाव असतं, असं मीच शर्लीला म्हटलं होतं. पण खरं कारण वेगळं आहे. त्या फोनवर मागे तू होतास. तिला काहीतरी बोललास आणि ती मिसेस प्राउझशी बोलत असतानाही तुझं हसू थांबत नव्हतं. तुझा तो आवाज मी ह्या घरात कधी ऐकला नव्हता. मी जळले, रसेल. बाकी काही नाही, नुसती जळले.

चौदा वर्षं मी ह्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला नावं ठेवली. शर्ली नीच, बेव्ह मूर्ख, डॅमियन बिनमोज्यांचा. त्या सगळ्यांनी मिळून जे केलं नसतं ते मी फोनवर एका वाक्यात केलं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, माफी मागायला लिहीत नाही. तुझी मागत नाहीच. ती माफी तुझी नाहीच आहे. तिला हे पत्र दाखव. नाही दाखवलंस तरी तुला दोष देणार नाही, पण दाखव.

आई


रविवार, २७ ऑक्टोबर

रसेल,

उत्तर नाही.

घर काल गेलं. आपल्या गवताच्या पट्टीवर अख्खा रस्ता जमला होता, जसा एखाद्या अपघाताला जमतो. लिलाववाला ओरडत होता, “शाळा, स्टेशन, तलाव!” आणि लोक हातातली कॉफी पीत होते. शर्ली माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. काठी तिने सकाळीच फाटकाला अडकवून ठेवली होती, बोलली मात्र नाही. तिचंही बरोबर आहे.

घेणारे घर पाडणार आहेत. तिथे तीन घरं बांधणार, एकाला एक चिकटून. मग पन्नास वर्षं जिवापाड कशाला छापलं होतं मेल्याने? डॅमियनने मला फुलांचा गुच्छ दिला आणि मिठी मारली. मी काडीसारखी उभी राहिले.

घराचं मला काही वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं. पण ते जाणारच होतं. दुसरं जे हवं होतं त्यासाठी मी रोज पोस्टमनच्या मोटरसायकलचा आवाज ऐकत बसते, ते मात्र राहिलं.

तुझी खोकी मी उघडली नाहीत. खोटं. एक उघडलं. पोहण्याच्या शर्यतींत बक्षीस मिळालेल्या फिती, बिघडलेला रेडिओ, आणि तलावाचं जुनं तिकीट, माझ्या अक्षरात तुझं नाव. तुला पोहायला मी शिकवलं होतं, आठवतं? तू काठ सोडायचा नाहीस आणि मी पाण्यात उभी राहून म्हणायचे, “ये, मी आहे.” तिन्ही खोकी मी वसाहतीत नेते. कपाट एकच आहे, माझे कोट बाहेर राहतील.

यानंतर लिहून त्रास देणार नाही.

आई


मंगळवार, १२ नोव्हेंबर

ओलिंडा,

हे पत्र तुला आहे. तुझं नाव चौदा वर्षांत पहिल्यांदा लिहितेय. सुंदर नाव आहे. डोंगरावरच्या त्या गावालाही ते उगाच नसेल ठेवलेलं.

काल तुझं कार्ड आलं. मी ते फाटकाशीच उभं राहून वाचलं. मग स्वयंपाकघरात वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं, कारण एवढ्याशा मजकुराला मी इतका वेळ का लावतेय हे मलाच कळेना. ‘मिसेस प्राउझ, पत्रं मिळाली. सगळी वाचली. रविवारी चोवीस तारखेला जेवायला या. येताना प्लेट आणा.’ आणि खाली तीन नावं, ओलिंडा, रसेल, इल्दा. तुमच्या मुलीचं नाव इल्दा आहे हे मला काल कळलं. अंत्यविधीच्या वहीत तुम्ही सही केली होती, तिची मात्र नुसती रेघ होती.

आधी एक. मिसेस प्राउझ म्हणायला मीच तुला सांगितलं होतं, आणि तू अजून तेच म्हणतेस. मला व्हॅल म्हण. नाही म्हणवलं तर राहू दे.

आणि जे पत्रात रसेलला लिहिलं ते तुझ्याजवळ सरळ म्हणते. मी तुझी माफी मागते. मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही.

मी येणार. डॅमियनचं ते सात मिनिटांचं स्टेशन एकदाचं कामी येईल. आठ चाळीसची गाडी पकडते, म्हणजे सव्वाआठला घरातून निघायला हवं. काठी आहे. इल्दाला काय आवडतं ते माहीत नाही, म्हणून तिच्यासाठी बापाच्या पोहण्याच्या फिती आणते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल संध्याकाळपासून मी ओट्यापाशी उभी आहे. एकीकडे माझी मोठी लंबगोल प्लेट आहे, तिच्यावर अख्खा केक मावतो. दुसरीकडे तुझी निळ्या माशांची, घासून घासून जेवढी स्वच्छ होईल तेवढी केलेली. तू ‘प्लेट आणा’ लिहिलंस. रस्त्यावर सगळे म्हणतात तसं म्हटलं असशील, तर मी सकाळी उठून केक करते, आणि बेव्हसारखा मधोमध बसणार नाही एवढं बघते. की तुला तुझी प्लेट परत हवी आहे? की मी तुझ्या दारात, तुझ्या सगळ्या माणसांसमोर, फडकं सोडून रिकामी प्लेट दाखवावी असं तुझ्या मनात आहे? तसं असेल तर तेही करते. हसायचं तेवढं हसा, मी उभी राहीन. फक्त मला कळत नाहीये. शर्लीला विचारावं म्हटलं, तर ती आता माझ्याशी बोलत नाही. शहात्तर वर्षं ह्या देशात काढली, आणि दोन शब्दांचा अर्थ मला कुणाला तरी विचारावा लागतोय.

म्हणून तुलाच विचारते. मी दिलं होतं तसं उत्तर देऊ नकोस, खरं दे.

प्लेट किती मोठी आणू?

व्हॅल